दीड मिलिमीटरच्या भोकाचं पेटंट

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत वर्कशॉप असलेल्या एका गृहस्थांनी बोअरच्या पाण्यासाठी फिल्टर हाउसिंग बनवलं आहे. पान्हा लागत नाही. हाताने पाव वळसा दिला की पाणी आपोआप बंद होतं, खालची वाटी सुटते आणि आतलं गाळणारं कार्ट्रिज बदलता येतं. वरच्या हेडला लागून एक सीलबंद डबी आहे, तिच्यातलं सर्किट कार्ट्रिज कधी बदलायचं ते सांगतं. जानेवारीत त्यांनी हे कोल्हापूरच्या एका औद्योगिक प्रदर्शनात मांडलं, एप्रिलमध्ये सांगली आणि बेळगावच्या दोन डीलरना नग दिले. आता ते विचारतात: पेटंट मिळेल का, खर्च किती, जगभराचं घ्यावं का, आणि डीलर म्हणतो तसं खोक्यावर ‘पेटंटेड’ छापून टाकू का?

शेवटचं आधी उरकते. छापू नका. पेटंट मिळालेलं नसताना तसं छापून माल विकणं हा पेटंट कायद्याच्या कलम १२० चा भंग आहे, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर त्याचा दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अर्ज केल्यावर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ एवढं खुशाल छापा. अर्ज करण्याआधी तेही नको.

आता मुख्य गोष्ट. मी १२ वर्षं टूलरूममध्ये डाय आणि मोल्डची डिझाइनं केली, त्यानंतरची १८ वर्षं पेटंट एजंट म्हणून काम करते आहे. या काळात एक खूण पक्की बसली आहे. माणूस आपलं यंत्र घेऊन येतो, त्याला ज्याचा अभिमान असतो त्यावर अर्धा तास बोलतो, आणि ज्यात खरा शोध असतो ती गोष्ट उठता उठता, पाणी पिऊन ग्लास खाली ठेवताना सांगतो. तुमच्या प्रश्नातही तसंच झालंय. पाव वळसा, आपोआप बंद होणारं पाणी, डबी यांवर तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत. आणि मध्येच ही एक ओळ: ‘पहिल्या दहा नगांत वाटी उघडताना पाणी अंगावर उडायचं, मग होळीच्या सुमारास आतल्या स्लीव्हला (फिरणाऱ्या नळीला) बाजूने दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, तेव्हापासून उडत नाही.’

माझ्या मते तुमचा शोध त्या ओळीत आहे. का, ते सांगते.

पाव वळशाने सुटणारी वाटी नवी नाही. कान आणि खाच अडकवून बसवायची जोडणी बल्बच्या होल्डरपासून कॅमेऱ्याच्या लेन्सपर्यंत सगळीकडे आहे. कार्ट्रिज फिरवताच आत येणारं पाणी बंद करणारा व्हॉल्व्हही फिल्टरच्या जुन्या पेटंटांत पुष्कळ वेळा सापडतो. सीलबंद डबी, तिच्या भिंतीबाहेर चुंबक आणि आत त्या चुंबकाने चालू-बंद होणारा रीड स्विच, हेही जुनंच. आता तुम्ही म्हणाल, पण हे सगळं एकत्र कोणी केलंय? इथे कलम ३ चं उपकलम (फ) आडवं येतं. आधीच माहीत असलेल्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम सुटं सुटं करत राहिली, तर कायदा त्याला शोध मानत नाही. व्हॉल्व्ह व्हॉल्व्हचं काम करतो, डबी डबीचं. एका ताटात भाजी आणि आमटी वाढली म्हणून नवा पदार्थ होत नाही.

वर्कशॉपवाल्यांना मी नेहमी एका निकालाची गोष्ट सांगते, कारण ती लेथवरची आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. धातूची भांडी लेथवर घासताना नीट धरली जात नसत, उडून कामगाराला लागायची भीती असे. एका कंपनीने भांडं समोरून दाबून धरणारी टोकदार स्पिंडल बसवली आणि १९५१ च्या तारखेचं पेटंट मिळवलं. सोय खरी होती, कामगाराचा धोका खरंच कमी झाला होता. तरी पेटंट रद्द ठरलं. दाबून धरणारं टेलस्टॉक, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार, लेथच्या जगात जुनंच आहे, ते भांड्यांसाठी वापरणं ही वर्कशॉपमधली सुधारणा, त्यात शोधाची पायरी दिसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. उपयोगी असणं पुरेसं नाही, हे या निकालाने फार स्पष्ट केलं. त्या धंद्यातल्या जाणकार कारागिराला जे सहज सुचलं असतं, त्याला पेटंट नाही.

म्हणजे तुमच्या भोकाला तरी मिळेल का? आता दुसरं टोक बघा. तुमच्या हाउसिंगमध्ये आणि त्या डबीच्या झाकणाखालीही ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी गोल रबरी कडी, असणारच. ती नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने १९३७ मध्ये पेटंटसाठी दाखल केली, तेव्हा त्याचं वय ७२ होतं. १९३९ मध्ये पेटंट मिळालं. रबरी कड्या त्याच्या आधीही होत्या, खाचाही होत्या. त्याने पकडलं ते कडी आणि खाच यांचं नातं. खाच कडीच्या जाडीपेक्षा थोडी लांब ठेवली, की पिस्टन हलताना कडी तिथल्या तिथे मळली जाते, कोरडी पडून फाटत नाही, आणि दाब आला की एका बाजूला चेपून सील करते. घट्ट खाचेत तीच कडी लवकर मरते. टूलरूममध्ये असताना खाचेची कड न मोडल्यामुळे कापलेल्या ओ-रिंगा मी ओंजळभर पाहिल्या आहेत, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आदर आहे.

तुमचं भोक त्याच जातीचं आहे, किंवा असू शकतं. वाटी ९० अंश फिरते. तुम्ही अंश लिहिलेले नाहीत, पण वर्णनावरून माझा अंदाज असा: पहिल्या ४०-एक अंशांत स्लीव्ह आत येणारं पाणी बंद करते. पण वाटीत अडकलेल्या पाण्याचा दाब तसाच असतो, म्हणूनच पहिल्या दहा नगांत कान सुटताक्षणी पाणी उडायचं. आता पुढच्या २०-३० अंशांत ते भोक हेडमधल्या निचऱ्याच्या वाटेसमोर येतं, दाब निघून जातो, आणि शेवटच्या टप्प्यात कान मोकळे होतात. म्हणजे बंद होणं, दाब सुटणं आणि वाटी सुटणं हा क्रम एकाच स्लीव्हने बांधून टाकला. हात घाईचा असला तरी क्रम चुकत नाही. त्याच स्लीव्हवर चुंबक असेल, आणि वाटी पूर्ण फिरून बसल्याशिवाय डबीतलं सर्किट मोजायला सुरुवात करत नसेल, तर डबीच्या भिंतीला भोक न पाडता ‘वाटी अर्धवट बसली आहे’ हेही कळतं. मग भाग सुटे राहत नाहीत. एकाच्या जागेवर दुसऱ्याचं काम ठरतं. उपकलम (फ) ला उत्तर द्यायचं ते इथून.

‘असू शकतं’ म्हणाले, कारण जुन्या पेटंटांचा शोध घेतल्याशिवाय कुणीही खात्री देऊ नये. देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. हा पहिला शोध तुम्ही स्वतः घ्या, फुकट आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, गूगल पेटंट्स आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं शोधपान, तिन्ही उघडी आहेत. नुसते शब्द टाकलेत तर वाहून जाल, वर्गीकरणाचा आधार घ्या. गाळणी आणि त्यांची हाउसिंगं बी०१डी मध्ये, पाण्यावरच्या प्रक्रिया सी०२एफ मध्ये, इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्या एच०५के ५ मध्ये. निकाल आले की वर्णन वाचत बसू नका. आधी आकृत्या बघा. तुम्ही ड्रॉइंग वाचणारे आहात, इथे तुम्ही वकिलापेक्षा वेगवान. जवळचं काही दिसलं तर तुमचा पहिला दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ते सांगणारं वाक्य, कागदावर उतरवून त्याचे तुकडे करा: हेड आहे, वाटी आहे, फिरणारी स्लीव्ह आहे, स्लीव्ह पाणी बंद करते, स्लीव्ह दाब सोडते, कान त्यानंतरच सुटतात. ज्या तुकड्यापुढे जुन्या पेटंटांत काहीच सापडत नाही, तो तुमचा. सगळ्या तुकड्यांपुढे खूण झाली तर वाईट वाटेल, पण मोल्डचे पैसे वाचतील. आणि ते जुनं पेटंट भारतात घेतलेलंच नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर निदान त्या पेटंटाची आडकाठी न येता बनवून विकता येईल.

आता तारखा. या प्रश्नात सगळ्यात नाजूक गोष्ट हीच आहे. पुष्कळांचा समज असतो की प्रदर्शनात दाखवलं तरी वर्षभराची सवलत मिळते. सवलत आहे, कलम ३१ मध्ये, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. जिल्ह्याच्या औद्योगिक प्रदर्शनाला ती लागू असेल असं गृहीत धरून चालू नका. पण तुमचं नशीब बघा: जानेवारीत मांडलेले नग पहिल्या दहांतले, म्हणजे बिनभोकाचे. होळी मार्चमधली. भोक नंतर आलं, तर प्रदर्शनात ते उघड झालेलंच नाही. पाव वळसा उघड झाला, तो तसाही नवा नव्हता.

खरी अडचण एप्रिलमधल्या डीलरची. त्यांना भोकाचे नग गेले का? चलनावर काय लिहिलंय, विक्री की चाचणीसाठी? कुणाला दाखवायचं नाही असं लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी, काही ठरलं होतं का? वाटी उघडून आत बघायची मोकळीक असलेल्या माणसाला नग विकला, तर कायद्याच्या नजरेत तो उघड झाला, मग त्याने प्रत्यक्षात उघडून बघितला असो वा नसो. विश्वासात घेऊन चाचणीला दिला असेल तर बाजू वेगळी. शिवाय शोधाच्या स्वरूपामुळे चाचणी लोकांसमोरच घेणं भाग होतं असं दाखवता आलं, तर कलम ३२ खाली वर्षभराच्या आतल्या वाजवी चाचणीला संरक्षण आहे. हे सगळं कागदांवर ठरेल, मी इथून ठरवू शकत नाही. परदेशाचा विचार असेल तर आणखी एक: अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनाला एक वर्षाची सूट मिळते, युरोपात अशी सर्वसाधारण सूट नाही.

म्हणून आज करायचं काम म्हणजे तात्पुरतं विनिर्देशपत्र, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, दाखल करणं. त्याने तारीख मिळते, आणि पूर्ण विनिर्देशपत्र द्यायला १२ महिने मिळतात. ती मुदत चुकली की अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. ‘तात्पुरतं’ म्हणजे ढोबळ, असं समजू नका. जे त्यात लिहिलेलं नसेल त्याला ती तारीख मिळणार नाही. भोकाचा व्यास, कोणत्या मापापासून कोणत्या मापापर्यंत चालतो, त्याखाली गेलं की बोअरच्या पाण्याच्या क्षाराने किती दिवसांत बुजतं, त्यावर गेलं की काय होतं, स्लीव्हचे अंश, पर्यायी रचना, सगळं लिहा. हाताने काढलेली आकृती चालते, सुबक नंतर करता येते.

दाव्यांबद्दल माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका कंट्रोलरच्या पेटीचा अर्ज मी लिहिला. झाकण आणि गास्केट यांची रचना छान होती, पावसाचं पाणी आत जात नसे. पहिल्या दाव्यात मी लिहून गेले, ‘चार स्क्रूंनी आवळलेलं झाकण’. समोर ठेवलेल्या नमुन्याला चार स्क्रू होते, म्हणून चार स्क्रू. दोन वर्षांनी एकाने तीच रचना क्लिपा लावून बाजारात आणली. दाव्यातला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत सापडावा लागतो, आणि त्याच्याकडे स्क्रूच नव्हते. माझ्या अशिलाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हा तुमच्या पहिल्या दाव्यात ‘भोक’ नको, ‘दीड मिलिमीटर’ तर मुळीच नको. दाब सोडणारी वाट म्हणा, म्हणजे कुणी भोकाऐवजी चीर पाडली तरी ती त्यात येईल. दीड मिलिमीटर पुढच्या, अरुंद दाव्यात ठेवा. परीक्षकाने रुंद दावा उडवला तर मागे सरकायला जागा राहते. आणि वाटी व कार्ट्रिज यांचा वेगळा स्वतंत्र दावा करता येतो का ते बघा. हाउसिंग गिऱ्हाईक एकदा घेतो, कार्ट्रिज वर्षातून दोनदा. नक्कल करणारा कार्ट्रिजच करणार. फक्त संपूर्ण हाउसिंगचा दावा असेल तर पूर्ण वस्तू जुळवणारा तुमचा गिऱ्हाईकच ठरतो, आणि आपल्या गिऱ्हाइकावर कोण खटला भरतो?

खर्च. तुम्ही स्वतःच्या नावाने किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाच्या नावाने अर्ज केलात तर ऑनलाइन अर्जाचे ₹१,६०० आणि परीक्षणाच्या विनंतीचे ₹४,०००. मोठ्या कंपनीला हेच ₹८,००० आणि ₹२०,००० पडतात. ३० पानांच्या आणि १० दाव्यांच्या वर गेलात तर थोडे जास्त. परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही, हे लाल शाईने लिहून ठेवा. २०२४ च्या नियमांनंतर ती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत करावी लागते, आधी ४८ होते. जुनं वाचून बसलेले लोक इथे फसतात. घाई असेल तर लघुउद्योगाला ₹८,००० भरून जलद परीक्षण मागता येतं. पेटंट मिळालं तर तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण: सहाव्यापर्यंत वर्षाला ₹८००, दहाव्यापर्यंत ₹२,४००, पंधराव्यापर्यंत ₹४,८००, विसाव्यापर्यंत ₹८,०००. पूर्ण २० वर्षं ठेवलंत तर एकूण ₹७६,८००. एजंटाची फी या सगळ्यापेक्षा बहुधा जास्त असते, आणि ती माणसागणिक बदलते. दोघा-तिघांना विचारा. विचारताना त्यांनी आधी लेथ किंवा मोल्ड जवळून पाहिलाय का तेही विचारा.

जगभराचं पेटंट असं काही नसतं. पीसीटी नावाचा एक अर्ज असतो, त्यात दीडशेहून अधिक देशांचं दार ३० किंवा ३१ महिने उघडं राहतं, पण पुढे प्रत्येक देशात वेगळा अर्ज, वेगळा वकील, वेगळे पैसे. भारतातल्या अर्जापासून १२ महिन्यांत तो करायचा. तुमचा माल उद्या श्रीलंका किंवा आफ्रिकेत जाणार असेल तर त्या एक-दोन देशांचा हिशेब करा, नाहीतर सोडून द्या.

मग गुपितच ठेवलं तर? हा पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण वर्कशॉपवाले हमखास विचारतात. प्लंबर आट्यांवर गुंडाळतो त्या पांढऱ्या टेपच्या जातीचा, ताणलेला पीटीएफई (टेफ्लॉन), बॉब गोरने १९६९ मध्ये काढला. तापवलेली कांडी हळू ओढली की तुटायची, वैतागून झटक्यात ओढली तर कित्येक पट लांब झाली आणि तुटली नाही. आज तो पडदा गाळण्यांत असतो आणि बाहेर बसवायच्या सीलबंद पेट्यांच्या श्वासछिद्रावरही असतो, हवा जाऊ देतो, पाणी नाही. न्यूझीलंडच्या जॉन क्रॉपरने तसाच पदार्थ काढणारं यंत्र १९६६ मध्येच केलं होतं, पण गुपित ठेवलं. १९८३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याने लपवून ठेवलेल्या वापरामुळे गोरचं पेटंट पडत नाही. तरी क्रॉपरला लपवणं निदान शक्य होतं, कारण त्याचं गुपित बनवण्याच्या रीतीत होतं; टेप हातात घेऊन ते यंत्र कुणाला दिसलं नसतं. तुमचं भोक वाटी उघडली की डोळ्यांना दिसतं.

नुसत्या बाहेरच्या आकाराची नक्कल होईल अशी भीती असेल तर डिझाइन नोंदणी वेगळी करा. व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ₹१,००० शुल्क, १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून. आतल्या स्लीव्हचं काम त्यात येत नाही, आणि आकारही नोंदणीआधी उघड झालेला नसावा लागतो. जानेवारीत मांडलेला आकार तसाच असेल तर ते दार बंद झालं आहे.

तेव्हा आज संध्याकाळी डीलरांची चलनं काढा, भोक कोणत्या तारखेला पाडलं ते जॉब कार्डावर आहे का बघा. डीलरांकडचे नग आणखी कुणाकडे जाण्याआधी परत मागवता आले तर मागवा. आणि पहिल्या दहांतला एखादा बिनभोकाचा नग भंगारात टाकला नसेल तर जपून ठेवा. प्रेशर गेज लावा, दोन्ही नग सारख्याच दाबाला, दहा-दहा वेळा उघडा, किती वेळा पाणी उडालं ते वहीत लिहा. परीक्षकाचा आक्षेप आला की उत्तराला सहा महिने असतात, त्या वेळी ही वही माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त कामाला येईल. व्हिडिओ काढलात तर अर्ज दाखल होईपर्यंत तो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.